वरच्या ओठाचं माप

"अभय कोण? चला, आत या!"

मी दारातूनच ओरडले. बाकावरून एक उंच मुलगा उठला आणि मुकाट्याने माझ्यामागे आत आला. मी त्याला पलंगावर आडवं व्हायला सांगितलं, केसांवर कागदी टोपी चढवली आणि संमतीचा मजकूर घडाघडा वाचायला सुरुवात केली. या अभ्यासात निरोगी प्रौढ व्यक्तींच्या चेहऱ्याच्या त्वचेची जाडी सोनोग्राफीने मोजली जाईल, कोणतीही सुई टोचली जाणार नाही, आपण केव्हाही…

"एक मिनिट, डॉक्टर," टोपीखालून आवाज आला. "मी मावशीचा रिपोर्ट न्यायला आलोय."

"मग उठलात कशाला?"

"तुम्ही हाक मारलीत. नाव माझंच होतं. आणि इतक्या रागात मारलीत की… बसून राहायची हिंमत झाली नाही."

मला हसू यायला हवं होतं, पण मी आणखीच चिडले. सकाळपासून तीन जणांनी 'येतो' सांगून टांग दिली होती, आणि ज्याला बोलावलं होतं तो खरा अभय चहाला गेला होता. मी म्हटलं, उठा आता. तो उठला नाही. टोपी सारखी करत म्हणाला, "निरोगी तर आहे मी. प्रौढ आहे का ते घरी विचारावं लागेल. पण चालत असेल तर मोजा."

तर असा तो माझ्या अभ्यासात आला. संमतीचा मजकूर मी पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी सावकाश, आणि त्याने सही केली.

मी परळच्या एका इस्पितळात त्वचारोगाचं शिक्षण घेते. घर घोडपदेवला. माझ्या प्रबंधाचा विषय ऐकून आमच्या चाळीतल्या बायका म्हणतात, चेहऱ्याची कातडी मोजून कुणाचं भलं होणार गं? होतं. कपाळाची त्वचा वेगळी, गालाची वेगळी, ओठावरची वेगळी. निरोगी माणसाची किती असते ते माहीत असलं, तरच आजारी माणसाची किती वाढली ते कळतं. माझं काम एवढंच, पण ते हाताचं काम आहे. सोनोग्राफीच्या मशीनचा प्रोब चेहऱ्याला टेकवायचा नसतो. मध्ये जेलचा जाड थर घालायचा आणि त्यावर तो नुसता तरंगत धरायचा. जरासा दाब पडला तरी त्वचा चेपते आणि माप खोटं येतं. म्हणून प्रत्येक चेहरा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचा. सगळ्या वेळी माप जुळलं तर हात खरा. माझ्या गाईड मॅडम कुणाचं कौतुक करत नाहीत, पण माझ्याबद्दल एकदा म्हणाल्या होत्या, "अक्षताचा हात हलका आहे." ते वाक्य मी घरी येऊन दोनदा सांगितलं होतं.

"डोळे मिटा. बोलू नका."

त्याने डोळे मिटले. गार जेल लागल्यावर त्याच्या पापण्या थरथरल्या. कपाळ, गाल, हनुवटी, आणि शेवटी वरचा ओठ. ओठाचं माप घेताना माझी करंगळी त्याच्या हनुवटीवर टेकलेली असते, हात स्थिर राहावा म्हणून. सगळ्यांच्याच टेकते. पण त्या दिवशी त्याचा श्वास माझ्या बोटांवर येत होता आणि मला तो जाणवत होता. आधीच्या एवढ्या चेहऱ्यांनी काय श्वास घेतला नव्हता? पण जाणवला हा एकटाच.

संध्याकाळी मी बाहेर पडले तर गेटजवळच्या टपरीवर हा उभा. हातात दोन कटिंग.

"मावशीचा रिपोर्ट मिळाला नाही अजून?" मी विचारलं.

"मिळाला ना. मावशीला देऊनही आलो."

"मग?"

"मग… जेल कानात गेलंय. तक्रार कुणाकडे करायची ते विचारायला थांबलो."

चहा मी घेतला. कानाकडे बघितलंसुद्धा. तो वरळीच्या चाळीतला, लोअर परळला विम्याच्या ऑफिसात कामाला. आडनावं कळल्यावर दोघांच्या तोंडून एकदमच 'जय भीम' निघालं आणि मग गप्पांना खळ पडेना. मी बोलत सुटले की थांबत नाही. त्या दिवशी मी त्याला माझ्या आजोबांची, बुधाजींची गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती दर वर्षी सांगितली जाते. आजोबा गावात सनई वाजवायचे. हौस म्हणून नाही. गावकीचं काम म्हणून. कुणाच्या घरी लग्न असलं की बोलावणं यायचं आणि जावंच लागायचं, अंगात ताप असला तरी. मांडवाबाहेर, उन्हात, उरलंसुरलं खाऊन. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी सनई नदीत सोडली आणि मुंबईला येऊन गिरणीत लागले.

"तेव्हापासून आमच्या घरात कुणी वाजंत्री नाही," मी ऐटीत म्हटलं. "पप्पा म्हणतात, त्यांनी ते फुंकणं सोडलं म्हणून तू डॉक्टर झालीस."

अभय काहीतरी बोलणार होता. "माझ्या…" एवढंच म्हणाला आणि थांबला.

"काय?"

"काही नाही. चहा गार होतोय तुमचा."

दुसऱ्या मापाला तो एका सोमवारी आला. नेहमीचे प्रश्न मी विचारले. चेहऱ्याला काही लावलंय? कुठे लागलंय? कसली ॲलर्जी? तो नाही म्हणाला. कपाळ जुळलं. गाल जुळला. वरच्या ओठाचं माप मात्र भलतंच जास्त आलं. मी पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मॅडम म्हणाल्या, होतं कधी कधी, तिसऱ्यांदा बघ.

तिसऱ्यांदा बघेपर्यंत मधे आठवडा होता, आणि त्या आठवड्यात आम्ही दोनदा भेटलो. मुद्दाम ठरवून नाही, असं आम्ही दोघंही म्हणत होतो. त्याचं ऑफिस लोअर परळला, त्याची घरी जायची बस दुसऱ्याच दिशेची, आणि तरी हा माझ्यासोबत चिंचपोकळीच्या पुलापर्यंत चालत यायचा.

"तुमचा रस्ता हा नाही," मी म्हणायचे.

"माहितीये. पण तुमचा आहे ना…"

पुलावर 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुणी आधी म्हटलं ते आठवत नाही. पण घरी आल्यावर मी भाजीत दोनदा मीठ घातलं आणि आईने ताट बाजूला सारून माझ्याकडे निरखून बघितलं.

तिसऱ्या मापाच्या वेळी माझं काही खरं नव्हतं. तो डोळे मिटून पडलेला, मी त्याच्यावर वाकलेली, आणि खोलीत मशीनच्या घुं-घुंशिवाय काही आवाज नाही. मला तो आवडायला लागला होता. आवडायला काय, माझा जीवच जडला होता त्याच्यावर, आणि हे मला त्या पलंगाशेजारीच कळावं याचा मला रागही आला. करंगळी हनुवटीला लावली. हात थरथरतोय का? वाटलं, थरथरतोय. माप घेतलं. पुन्हा जास्त. आणि मागच्या वेळेपेक्षाही वेगळं.

मॅडमनी तिन्ही चित्रं शेजारी लावून बघितली. "बाकी कुणाच्या चेहऱ्यावर तुझी मापं चुकत नाहीत, अक्षता. ह्याच्याच ओठावर का?"

मला कारण माहीत होतं. म्हणजे मला तेव्हा तसं वाटत होतं. माझा हात त्या एका माणसापाशी आल्यावर हलका राहत नव्हता. आणि हाताचाच भरवसा नसेल तर प्रबंधात उरतं काय?

"मॅडम, यांचं माप प्राचीला घेऊ दे," मी म्हटलं. प्राची माझ्याच वर्गातली.

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. कारण विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

बाहेर येऊन मी अभयला सांगितलं, "पुढच्या वेळी माझी मैत्रीण घेईल तुझं माप. मी नाही."

"माझं काही चुकलं का?"

"तुझं माप जुळत नाहीये. ओठाचं. माझा हात चुकतोय. त्यावर माझा प्रबंध अडलाय."

त्याचा चेहरा एकदम पडला. हात नकळत ओठाकडे गेला. "माझ्यामुळे?" त्याने विचारलं. काय सांगणार होते, हो, तुझ्यामुळे, तू समोर आलास की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही? तो वळला आणि गेला. त्या संध्याकाळी टपरीवर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं.

मग मार्च आला, आणि तो काही आला नाही.

त्याचा नंबर माझ्या फाईलमध्ये होता. पण स्वयंसेवकांचे नंबर अभ्यासापुरतेच वापरायचे, असं मीच त्याला वाचून दाखवलं होतं, आणि तेही दोनदा. चालता चालता एकमेकांचे नंबर घ्यावेत हे आम्हाला सुचलंच नव्हतं. उद्या भेटणारच होतो, मग नंबर कशाला? आता वरळीला जाऊन शोधायचं तर कुठे? त्याच्या कपाळाची जाडी मला मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत पाठ होती, पण तो कुठल्या चाळीत, कितव्या मजल्यावर राहतो ते माहीत नव्हतं. मी लोअर परळच्या विमा ऑफिसांच्या रस्त्याने उगाच जायला लागले. बसमध्ये कुणाची हनुवटी तशी दिसली की दोन स्टॉप पुढे जायचे. इतकी आठवण येते कुणाची? मला येत होती. जेल लावताना यायची, जेल पुसताना यायची, आणि नव्या माणसाला 'डोळे मिटा' म्हणताना तर हमखास यायची.

घरी पप्पांनी दोन स्थळं आणली. एक बँकेतला, एक पुण्याचा इंजिनियर.

"नको," मी म्हटलं.

"कुणी आहे का?" पप्पा पोस्टातून निवृत्त झालेत. आडून विचारणं त्यांना जमत नाही.

"होता एक. आता येत नाही."

"काय करतो?"

"ऑफिसात आहे."

पप्पांनी पेपरची घडी घातली. "येत नाही म्हणजे? तू बोलाव की मग," ते म्हणाले. त्यांना वाटतं सगळ्यांना पत्ता असतो.

एप्रिलच्या सुरुवातीला प्राचीने मला जिन्यात गाठलं. "तुझा तो अभय येऊन गेला काल. तू नाइट करून घरी होतीस ना? त्याने मुद्दाम मलाच विचारलं, आज माप घेता का म्हणून."

"आणि?"

"तुझ्या पहिल्या मापासारखं आलं. बरोब्बर. सॉरी यार… म्हणजे मधली दोन तुझीच चुकली असणार."

मी जिन्यातच बसले. एक तर तो मी नसलेला दिवस साधून आला. आणि दुसरं, माझा हात खोटा आहे हे आता सिद्ध झालं. मॅडमनी शांतपणे सांगितलं की ओठाची उरलेली मापं यापुढे प्राची घेईल. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला दोन्ही गेल्यासारखं वाटलं, माणूसही आणि हातही.

चौदा एप्रिलला आमच्या घोडपदेवच्या मिरवणुकीत मी दर वर्षी नाचते. या वर्षी आईने जबरदस्तीने पांढरी साडी नेसवून खाली पाठवलं. पप्पा निळा फेटा बांधून सकाळपासून मंडळाच्या मांडवात. या वर्षी डीजे नको, बँड लावायचा, असं मंडळाने ठरवलेलं. ऊन कलायला आलं तशी मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. रथ, मागे झेंडे, आणि पुढे लाल कोटातला बँड. सगळ्यात पुढच्या ओळीत, गाल फुगवून, डोळे मिटून, जीव तोडून ट्रम्पेट वाजवत होता… अभय.

मी जागची हलले नाही. गाणं संपलं. त्याने ट्रम्पेट खाली घेतलं आणि त्याच्या वरच्या ओठावर मला लालभडक गोल वळ दिसला. ओठ चांगला टम्म सुजलेला. रविवारी रात्री लग्नात तासन् तास वाजवलं, तर सोमवारी सकाळी वळ गेलेला असणार, पण आतली सूज मशीनला दिसणारच.

माझा हात चुकला नव्हता. एकदाही नाही.

बँड पाण्यासाठी थांबला तशी मी गर्दीतून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. मला बघून त्याने ट्रम्पेट पाठीमागे लपवलं.

"लपवतोस काय? दिसलंय मला. सोमवारी यायचास तेव्हा आदल्या रात्री वाजवलेलं असायचं ना?"

"अक्षता… इथे नको."

"इथेच. मी विचारलं होतं, चेहऱ्याला कुठे लागलंय का. नाही म्हणालास!"

"काय सांगणार होतो? पहिल्याच दिवशी तू आजोबांचं सांगितलंस. इतक्या अभिमानाने. त्यानंतर कुठल्या तोंडाने म्हणू, मी नानांच्या बँडमध्ये फुंकतो? नाना माझे काका. शाळेपासून वाजवतो मी."

"आणि प्राचीकडे का गेलास? मी नसताना?"

"तू म्हणालीस माझ्या ओठावर तुझा प्रबंध अडलाय. म्हणून वाजवायचं बंद केलं. मार्चभर. ओठ पूर्ण उतरला तेव्हाच आलो, म्हटलं आता तरी माप बरोबर येईल, तुझं काम होईल. तू समोर असतीस तर…" तो थांबला. "तर सगळं सांगून टाकलं असतं."

"शहाण्या! तुझं माप बरोबर आलं म्हणून माझी दोन खोटी ठरली! मॅडमनी काम काढून घेतलं माझ्याकडून! मी महिनाभर रडतेय की माझा हात तुझ्यापाशी येऊन थरथरतो, दाब पडतो, मला…"

मी जीभ चावली. पण उशीर झाला होता.

"का थरथरतो?" अभयने हळूच विचारलं.

"थरथरत नव्हता. आत्ता कळलं."

"पण तुला वाटलं ना थरथरतोय म्हणून… का वाटलं?"

उन्हाने म्हणा, कशाने म्हणा, माझे कान तापले होते. आजूबाजूला अख्खी गल्ली. मी म्हटलं, "कारण तू मला आवडतोस. खूप आवडतोस. झालं समाधान? आणि उद्या येऊन मॅडमना हे सगळं सांगायचं. म्हणजे… ओठाचं. बाकीचं नाही."

तो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले. "मार्चमध्ये रोज गेटपर्यंत येऊन परत गेलोय मी," तो म्हणाला. "आत यायचं धाडस नव्हतं. पण तुझ्या घरी चालेल का मी? तेवढं सांग."

त्याच क्षणी पप्पा ताकाचे ग्लास घेऊन आले. बँडवाल्यांना वाटत वाटत ते आमच्यापाशी पोहोचले आणि अभयपुढे ग्लास धरला. "घे रे. मस्त वाजवतोस."

"पप्पा," मी म्हटलं, "हाच तो."

पप्पांचा हात तसाच राहिला. त्यांनी लाल कोट बघितला, मग ट्रम्पेट, मग त्याचा ओठ.

"ऑफिसात आहे म्हणाली होतीस."

"ऑफिसात आहेच, काका," अभय म्हणाला. "हे पण करतो. आवडतं मला."

मला पप्पांच्या मनातलं सगळं दिसत होतं, नदीत सोडलेल्या सनईपासून. शेवटी ते मलाच म्हणाले, "तुझ्या आजोबांनी हे सोडलं म्हणून आपण इथे आहोत, अक्षता."

"आजोबांना नाही म्हणायची सोय नव्हती, पप्पा. म्हणून सोडलं त्यांनी."

पप्पा अभयकडे वळले. "आणि तुला? तुला येतं का नाही म्हणता?"

"मार्चमधल्या सगळ्या लग्नांच्या सुपाऱ्यांना नाही म्हटलं," अभय म्हणाला. "भर सीझनमध्ये. नाना अजून माझ्याशी धड बोलत नाहीत."

"का नाही म्हटलंस?"

अभयने माझ्याकडे बघितलं. "हिचं माप चुकू नये म्हणून."

पप्पांना यातलं काहीही कळलं नसणार. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि माझं रडू पदराने काही आवरत नव्हतं. त्यांनी ग्लास अभयच्या हातात दिला.

"आधी हे पी," ते म्हणाले. "मग बोलू. घरी ये."

पुढून नानांनी शिट्टी मारली. मिरवणूक हलली. मी बायकांच्या घोळक्यात परत गेले नाही. अभयच्या शेजारून चालायला लागले, पुढच्या ओळीत, जिथे सगळ्या गॅलऱ्यांतून दिसतं. आमची चाळ आली. आई कठड्यावर वाकून बघत होती. अभयने ट्रम्पेट ओठाला लावलं, पण माणसाला हसू येत असलं की ते वाजत नाही. पहिला सूर फाटला. नानांनी मान वळवून डोळे वटारले.

"अरे, वाजव की!" मागून पप्पांचा आवाज आला. "आमच्या चाळीसमोर आलास. जरा मोठ्याने!"

दुसरा सूर नीट लागला.